थांबलेल्या मशीनमधला उत्तररंग

ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण पियूषनं हे सगळं माझ्या ओट्यावर बसून, मला स्वतः सांगितलं आहे. तो मुलगा उगाच काही जोडून सांगणाऱ्यातला नाही. आणि यातल्या कुंदाताईंच्या मांडीला मांडी लावून मी कित्येक कीर्तनं ऐकली आहेत. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणतात.

ही रात्री घडली नाही.

मे महिन्यातली भर दुपार होती. गाव दारव्हा.

आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, ती रात्रीपेक्षा सुनसान असते. दुकानांची शटरं अर्धी खाली. जीपवाले लिंबाखाली गाडी लावून आतच आडवे झालेले. रस्त्यावर माणूस दिसलाच तर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, उघडे डोळे तेवढे. सगळ्या गल्लीत एकच आवाज... घराघरातल्या कूलरचा. घर्रर्र, घर्रर्र.

तो आवाज लक्षात ठेवा.

पियूषचे वडील नंदकिशोरराव. तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण गावात त्यांना कोणी साहेब म्हणत नसे. सगळ्यांचे ते बुवा. काय कीर्तन करायचे! पेटीच्या काळी चारच्या पट्टीत आवाज लागला की मंदिराबाहेर भाजी विकणाऱ्या बायाही तराजू खाली ठेवायच्या. तबल्यावर रामराव, जवळच्याच खेड्यातले शेतकरी. आणि बाजूला बसून झांजा धरायच्या, बुवांच्या ओळीची झील ओढायच्या त्या कुंदाताई.

त्या घरचा एक नेम होता. मांडलेलं कीर्तन आरतीशिवाय सोडायचं नाही. लाईट जावो, वादळ येवो, आरती झाल्याशिवाय आसन हलवायचं नाही. पियूष पाळण्यात होता तेव्हा एकदा कीर्तनात रडून रडून निळा पडला होता म्हणे, पण कुंदाताई जागच्या उठल्या नव्हत्या. शेजारणीनं घेतलं त्याला. हे त्या स्वतः हसत हसत सांगत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, म्हणजे निरूपण. मग नामघोष. नामघोष रंगला की घरचं किंवा मंदिरातलं कोणी उठतं, बुवांच्या कपाळाला बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. हार पडला की उत्तररंग, म्हणजे आख्यान सुरू. हार नाही तर आख्यान नाही. हार म्हणजे परवानगीच समजा.

यंदा माघात, मारुतीच्या मंदिरात, बुवांचा पूर्वरंग झाला. आख्यान कोणतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. "आधी हार, मग आख्यान," म्हणून हसले होते. नामघोष सुरू झाला. कुंदाताई हाराचं तबक घेऊन उठल्या. बुवा डोळे मिटून डोलत होते... डोलत होते...

आणि डोलता डोलता खाली बसले.

ते पुन्हा उठले नाहीत.

सगळी धावपळ. कोणी पाणी आणलं, कोणी गाडी काढली. कुंदाताईही तबक टाकून धावल्या. कोणती बाई धावणार नाही?

हार तिथेच सतरंजीवर पडून राहिला. कीर्तन अर्धंच राहिलं.

तेव्हापासून कुंदाताईंचा जीव एका जागी लागेना. बसल्या की उठत. उठल्या की दारापर्यंत जात, परत येत. जेवायला बसल्या की मध्येच ताट सारत. "आई, काय होते?" विचारलं की एकच.

"अर्ध्या कीर्तनातून उठली रे मी."

पियूष एकुलता एक. पुण्याच्या कंपनीत नोकरी, पण वडील गेल्यावर घरून काम करायची परवानगी घेऊन तो दारव्ह्यालाच राहिला. आईला एकटं सोडायची त्याची हिंमत होत नव्हती. बाप गेला, आता आईही हळूहळू हातातून सुटून राहिली, ही एकच धास्ती त्याला.

त्याचं काम मशीनच्या पोटातलं. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात आत एक मुख्य प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर अक्षर उमटायचं, आवाज निघायचा, घड्याळ पुढे सरकायचं, सगळं त्याच्या हुकुमानं.

"कर्नल म्हणजे मिलिटरीतला?" कुंदाताईंनी एकदा विचारलं होतं.

"तसंच समज आई. तो थांबला की सगळी फौज थांबते."

बुवांचं ते शेवटचं कीर्तन पियूषनं आपल्या मशीनवर रेकॉर्ड केलं होतं. मंदिरातच एका कोपऱ्यात मशीन मांडलं होतं. बुवा पडले तेव्हा रामराव घाईनं उठले, त्यांचा पाय वायरीत अडकला आणि प्लग निघाला. म्हणून रेकॉर्डिंग नामघोषात, 'विठ्ठल'च्या अर्ध्यावर तुटलं. त्यापुढे काही नाही.

मोबाईलवर घेऊन लावलं तर ते तिथे तुटायचं आणि संपायचं. पण त्या मशीनवर लावलं तर त्या जागी अख्खं मशीन गोठायचं. दुसरी गाणी लावा, भाषणं लावा... काही नाही. हे कीर्तन लावलं की नेमकं तिथेच.

आवाजाच्या कार्डाचा प्रोग्राम पियूषनंच लिहिलेला. तोच कंपनीच्या नव्या यंत्रात जायचा होता. त्यामुळे चूक शोधल्याशिवाय सुटका नव्हती.

त्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, रामराव आले. हातात पळसाच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा हार.

"घ्या वयनी. वावरातल्या झाडाचा हाय. फोटोले घाला. बुवाले मोगरा लय आवडे."

"बसा नं रामराव. चहा घ्या. तबला काढता की नाही?"

"कायचा तबला वयनी!" रामराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "बुवा गेले तवापासून कपडा टाकून ठेवला. हात लावाले जातो तं हातच वापस येते. बायको म्हणते, इकून टाका. म्या म्हटलं, मले इक आधी."

कुंदाताई हसल्या. फार दिवसांनी. पियूषला बरं वाटलं.

रामराव गेले. हार तबकात राहिला. फोटोला घालायचा तसाच राहून गेला.

दुपारी पियूषनं मशीन लावलं. कुंदाताई पलीकडे, दारापाशी, सुपात तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. सूप वर जायचं, खाली यायचं. सर्र... सर्र...

"काय करून राहिला रे?"

"त्या मशीनच्या पोटात बसून पाहणार आहे आज. कर्नलमध्येच एक सोय असते, डीबगर म्हणतात."

"म्हणजे?"

पियूषनं जरा विचार केला. आईला समजेल असं सांगायचं होतं.

"समज, कीर्तन भर रंगात आहे आणि मी ओरडलो, थांबा! सगळे आहे त्या जागी थांबले. तबल्यावर ज्याचा हात होता त्याचा हात वरच. कोणाचं तोंड उघडं तर उघडंच. कोणी हलायचं नाही, कोणाला कळणारही नाही की आपण थांबलो. मग मी एकेकाजवळ जाऊन पाहणार, कोण कुठे अडकलं आहे. पाहून झालं की म्हणणार, चालू द्या. की सगळे होते तिथून पुढे."

कुंदाताईंचं सूप थांबलं.

"असं थांबवता येते?"

"मशीनमध्ये येते."

"मग त्या दिवशी काहून नाही थांबवलंस बाप्पा?"

पियूष मशीनकडे वळला. त्यानं मशीनला सांगून ठेवलं, रेकॉर्डिंगच्या शेवटाला पोचलास की थांब. आणि कीर्तन लावलं.

घरभर बुवांचा आवाज भरला. मागे रामरावांचा ठेका. झांजा. नामघोष चढत गेला... चढत गेला...

टक्.

पडदा काळा. कोपऱ्यात पांढरी दोन अक्षरं आणि पुढे एक रेघ. डीबगर. मशीन थांबलं होतं.

स्पीकरमधून आवाज मात्र येत होता.

ठ्ठल... ठ्ठल... ठ्ठल... ठ्ठल...

पियूष घाबरला नाही. हे नेहमीचं. आवाजाच्या कार्डाकडे आपली एक छोटीशी वाटी असते. कर्नल त्या वाटीत आवाज ओतत राहतो, कार्ड पीत राहतं. कर्नल थांबला की ओतणारा कोणी नाही. मग कार्ड वाटीतला शेवटचा घोट पुन्हा पुन्हा पीत बसतं. तोच तुकडा. गोल गोल.

त्यानं हुकूम दिले, अक्षरं पाहिली, कोण कोणाच्या हाकेची वाट बघत अडकलं ते वाचू लागला. पाच-दहा मिनिटं गेली असतील.

मग त्याला काहीतरी टोचू लागलं.

काय ते कळेना. घाम... घाम फार येत होता.

आवाज!

कूलरचा आवाज नव्हता.

लाईट गेली वाटतं, म्हणून त्यानं मान न वळवताच एक अक्षर दाबलं. सी. म्हणजे 'चालू द्या'.

आणि कूलर सुरू झाला. घर्रर्र.

सूपही सुरू झालं. सर्र... सर्र...

मशीन मात्र नेहमीसारखं गोठलं. त्यानं ते बंद करून पुन्हा सुरू केलं.

"आई, लाईट गेलती का?"

"नाही बा. कधी?" कुंदाताईंनी वर पाहिलं. आणि सहज म्हणाल्या, "बाबा खाकरले नं आता?"

पियूषनं स्पीकरकडे पाहिलं.

बुवांची सवय होती ती. आख्यान सुरू करण्याआधी दोनदा खाकरायचे. मग तबल्याकडे वळून म्हणायचे, रामराव, लावा.

पण त्या दिवशी आख्यान सुरूच झालं नव्हतं.

त्यानं प्राचीला फोन लावला. ती त्याच्या टीममधली, पुण्याला बसते.

"काय रे, गावरान आंबे खाऊन झोपला नव्हतास ना?"

"प्राची, एक सांग. डीबगरमध्ये असताना कार्ड वाटीतलाच तुकडा फिरवतं. तो तुकडा पुढे जाऊ शकतो?"

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे... जे आधी नव्हतं ते वाजू शकतं?"

"कर्नल थांबलेला आहे राजा. भरणार कोण? तुझे पितर?" ती हसली. मग तिलाच उमगलं. "सॉरी. सॉरी पियूष. तोंडातून निघून गेलं."

"नाही नाही, ठीक आहे."

"गोल फिरेल. पुढे नाही जाणार. जाऊच शकत नाही. आणि ऐक, आज सोड ते. दुसरं काहीतरी लाव टेस्टला. वडिलांचाच आवाज कशाला रोज..."

ती म्हणाली ते बरोबर होतं. पण पियूषचा स्वभाव बापावर गेलेला. हातातलं अर्धं सोडवत नव्हतं. एकदा, शेवटचं, म्हणून त्यानं मशीनला तोच हुकूम देऊन पुन्हा कीर्तन लावलं.

त्याची पाठ आईकडे होती.

नामघोष चढू लागला. विठ्ठल... विठ्ठल... झांजांची लय वाढली. आणि मागून त्याला पावलं ऐकू आली.

कुंदाताई उठल्या होत्या. हातात तबक.

त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. अहो, सगळा जन्म तेच केलेलं. नामघोष त्या टिपेला पोचला की त्यांचे पाय आपोआप उठत. त्यांनी बोट बुक्क्यात बुडवलं, स्पीकरला टेकवलं. मोगऱ्याचा हार स्पीकरला घातला. वाकून नमस्कार केला. आणि डोळे पुसत परत जाऊन सुपापाशी बसल्या.

पियूषनं त्यांना अडवलं नाही. आईचं समाधान.

टक्.

पडदा काळा. मशीन थांबलं.

ठ्ठल... ठ्ठल... ठ्ठल... ठ्ठल...

त्यानं कीबोर्डवर हात ठेवले. यावेळी त्याचा एक कान मागे होता.

कूलर गप्प.

सूप गप्प.

कुठे कबूतर नाही. बाजूच्या घरातला टीव्ही नाही. मेन रोडवरच्या रसवंतीचे घुंगरू दिवसभर छुनछुन करतात, तेही नाही.

फक्त... ठ्ठल... ठ्ठल... ठ्ठल...

ठ्ठल...

आणि तेही थांबलं.

हे होऊ शकत नव्हतं. वाटी फिरत राहायला हवी होती.

स्पीकरमधून कोणीतरी खाकरलं.

एकदा.

पुन्हा एकदा.

"रामराव... लावा."

पियूष सांगतो, त्या क्षणी भीती वाटली नाही. छाती भरून आली. चार महिने ज्या आवाजासाठी जीव तुटला, तो आवाज ताजा, समोर, अगदी हातभर अंतरावर. लवंग चघळताना शब्द जरासा ओला व्हायचा, तोसुद्धा तस्साच.

तबल्यावर थाप पडली.

"ऐका हो सज्जन," बुवा म्हणाले. "आख्यान काही मोठं नाही. एक होती बाई. कीर्तनात बसायची ती देवापुढच्या समईसारखी. आरती झाल्याशिवाय उठायची नाही. लेकरू पाळण्यात रडलं, तरी उठली नाही."

पियूषच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"एकदाच उठली."

झांज वाजली. एक.

"ज्याच्यासाठी उठली, तो तर तिथेच उभा होता. आसनावर. तो म्हणत होता, अगं बस. आख्यान व्हायचं आहे अजून. पण त्याचं कोणी ऐकेना. लोकांनी काहीतरी उचललं आणि घेऊन गेले. दिवे मालवले. दार ओढलं. तो आपला रिकाम्या मंदिरात उभा. झील धरायला कोणी नाही. गळ्यात हार नाही. हार नाही तर आख्यान कसं सांगायचं?"

तबल्यावर एक थाप.

"आज हार मिळाला."

झील आली. बारीक, बायकी आवाजातली झील. बुवांच्या ओळीचा शेवट उचलून धरणारी...

ती स्पीकरमधून येत नव्हती.

ती मागून येत होती.

पियूषनं मान वळवली.

खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगला होता. फुगलेला... तसाच राहिला होता. कूलरवरचा लाल दिवा चालू होता, पण पातं थांबलेलं. इतकं थांबलेलं की पात्यावरची धूळ दिसत होती.

कुंदाताईंचं सूप हवेत वर होतं. डाळीचे दाणे सुपाच्या वर, अधांतरी. खाली पडत नव्हते.

कुंदाताईंचे डोळे उघडे होते. पापणी लवत नव्हती. पदराखाली छाती हलत नव्हती.

फक्त ओठ हलत होते. झील धरत होते.

कोणी हलायचं नाही, कोणाला कळणारही नाही की आपण थांबलो... त्याचेच शब्द. मघाशी आईला सांगितलेले.

"आई!"

उत्तर नाही. चेहऱ्यावर मात्र... पियूष म्हणतो, काकू, माघापासून आईचा चेहरा एवढा शांत मी पाहिला नव्हता. सगळी तगमग गेली होती. जागी बसली होती ती. चार महिन्यांत पहिल्यांदा.

आख्यान पुढे गेलं. त्यात काय काय आलं ते त्यानं मला सगळं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण शेवटाकडे बुवांचा आवाज खाली आला. आख्यान संपताना यायचा तसा. मायेचा.

"आता आरती. उभं राहावं सगळ्यांनी."

कुंदाताईंचं सूप हातातून सुटलं. पडलं नाही. तिथेच हवेत राहिलं.

त्यांचा एक हात जमिनीला टेकला.

गुडघा वर आला.

त्या उठत होत्या. श्वास नसलेली ती बाई, हसऱ्या चेहऱ्यानं, आरतीला उठत होती. आरती झाली की सगळे आपापल्या घरी जातात. पियूषला एकदम कळलं, आई कुठल्या घरी जाईल ते.

त्याचं बोट सी या अक्षरावर गेलं.

एक अक्षर. दाबलं की आई. पण दाबलं की बाबा मध्येच तुटणार. पुन्हा तेच. पुन्हा अर्धं. पुन्हा कोणीतरी त्यांना आरतीशिवाय सोडून जाणार... आणि यावेळी तो कोणीतरी पोटचा पोरगा.

"पियूष," स्पीकरमधून आवाज आला. रागाचा नव्हता. "कीर्तनातून मध्येच उठू नये, बाळा."

दुसरा गुडघा वर आला.

पियूषनं डोळे मिटले आणि दाबलं.

घर्रर्र!

कूलर. कबूतर. घुंगरू. टीव्ही. सगळं एकदम अंगावर आलं. सूप फरशीवर आपटलं, डाळ खोलीभर उडाली. कुंदाताई मटकन खाली बसल्या आणि पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास ओढला.

पियूष धावला. आईला छातीशी धरलं. अंग थंडगार होतं. त्या उन्हात, थंडगार.

कुंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काहून थांबवलंस रे?" त्या म्हणाल्या. "आरतीच तं राह्यली होती."

तेवढ्यात फोन वाजला. रामराव.

"पियूषभाऊ, घरी सगळं बराबर हाय नं?"

"का हो काका?"

"काही नाही... म्हणजे... झोपलो होतो. बुवानं आवाज देल्ला. लावा म्हणले. दचकून उठलो अन् पाह्यलं तं तबल्यावरचा कपडा खाली पडून हाय. म्या हात लावून पाह्यला." "इतक्या उन्हात तबल्याचा सूर चढाले पाह्यजे होता भाऊ. पण हा काळी चारात लागून हाय. बराबर. कोणी लावला हो?"

पियूषनं फोन ठेवला.

त्या दिवसानंतर ते मशीन एकदाही गोठलं नाही. पियूषनं प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललं नव्हतं. रेकॉर्डिंग अर्ध्या 'विठ्ठल'वर तुटतं आणि निमूट संपतं. प्राचीनं विचारलं, काय दुरुस्त केलंस? तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, असं होत नसतं. तो म्हणाला, मलाही माहीत आहे.

स्पीकर त्यानं बुवांच्या फोटोखाली नेऊन ठेवला. हार काढायची त्याची छाती झाली नाही. मी गेले होते तेव्हा पाहिला. मोगरा वाळून तांबूस झाला आहे. वास मात्र अजून येतो.

गोष्ट इथेच संपली असती तर मी कदाचित लिहिलीही नसती.

पण पियूष परवा माझ्या ओट्यावर येऊन बसला तो वेगळ्याच कारणानं.

"काकू," तो म्हणाला, "मी ते बंद कुठे केलं? 'चालू द्या' म्हणालो मी. थांबलं होतं तिथून पुढे जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. मग ते पुढे चालू आहे. कुठे चालू आहे?"

मला त्याचं बोलणं नीट कळलं नाही. मग त्यानं सांगितलं.

दुपारी, मशीन बंद असतं तेव्हा, कुंदाताई डाळ पाखडता पाखडता थांबतात.

हात वरच. पापणी लवत नाही.

घरातला कूलर चालू असतो. पडदा हलत असतो. फक्त त्या थांबतात. पहिल्यांदा अगदी क्षणभर. पियूषला वाटलं, आपलाच भास. मग जरा जास्त. आदल्या दिवशी तर त्यानं हाक मारली, हलवलं, पाणी मारलं... आणि किती तरी वेळानं त्यांनी श्वास घेतला.

आणि दर वेळी भानावर आल्या की तेच.

"आरती राह्यली रे."

डॉक्टरांना दाखवलं. यवतमाळला नेऊन सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

मी म्हटलं, "अरे, मग कीर्तन पुरं करून घे. तेच राहिलं आहे ना? एखाद्या बुवांना बोलाव. उत्तररंग होऊ दे, आरती होऊ दे."

"बोलावलं होतं काकू. ते म्हणाले, दुसऱ्याचं मांडलेलं कीर्तन मी पुरं करीन, पण त्यांचं आख्यान मला ठाऊक नाही. ते ज्यानं ऐकलं, त्यानंच सांगावं."

ऐकलं कोणी? कुंदाताईंनी आणि पियूषनं. दोघांनीच.

तर ठरलं आहे. येत्या एकादशीला, मारुतीच्या मंदिरात, पियूष उभा राहणार. ज्या मुलानं कधी साधा श्लोक चारचौघांत म्हटला नाही, तो बापाचं आख्यान सांगणार. रामराव तबला घेऊन येणार आहेत. काळी चारातला. सूर जुळवायची हातोडी त्यांनी त्याला अजून लावलेली नाही. कुंदाताई झांजा पुसून बसल्या आहेत. मी काल भेटले. किती खुश आहेत! नवं लुगडं काढून ठेवलं आहे.

"या हं नक्की," मला म्हणाल्या. "माझ्याजवळच बसा. ह्या वेळी आरती झाल्याशिवाय उठायचं नाही."

मी जाणार आहे. कीर्तनाला नाही म्हणायची मला सवय नाही. कीर्तन पुरं व्हावं, बुवांची सुटका व्हावी, हे मला मनापासून वाटतं. देवाच्या दारी वाईट काही होत नाही, हे मी सगळ्या जन्मात शंभर बुवांच्या तोंडून ऐकलं आहे आणि माझा त्यावर भरवसाही आहे.

पण काल त्यांच्याजवळून उठताना मी निघते म्हटलं, तर उत्तर आलं नाही.

वळून पाहिलं.

झांज पुसणारा हात वरच थांबला होता... ओठ हलत होते.

एकादशीला मी त्यांच्या उजव्या हाताला बसणार आहे. आरतीला सगळे उभे राहतील. त्याही उठतील, हसत हसत.

तेव्हा त्यांचा हात धरून खाली ओढायचा, की आपणही उभं राहून टाळी धरायची...

हे मला अजून ठरवता येत नाही.